मोटारीच्या कराची चकती : ब्रिटनमधील एका कागदाचें चरित्र

आपल्या सावकारी दप्तरांतून हुंडीचे जे प्रकार आढळतात त्यांपैकी नामजोग व धनीजोग हे दोन संग्राहकांच्या पूर्ण परिचयाचे आहेत. नामजोग हुंडी ज्याच्या नांवें लिहिली त्यास पटवावयाची. धनीजोग हुंडी जो धनी म्हणून ती हातीं घेऊन येईल त्यास पटवावयाची. कागद तोच, मोडी तीच. परंतु एका शब्दानें त्याची सारी चाल बदलते. सरकारी कराच्या पावत्यांसही हाच भेद लागू पडतो, हें मात्र फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. पावती माणसाची कीं वस्तूची, हा प्रश्न वस्तु एका हातांत असेपर्यंत उद्‌भवतच नाहीं. ती विकली गेली म्हणजे तो एकदम उभा राहतो.

या प्रश्नाचें एक अर्वाचीन उदाहरण आम्ही येथें घेत आहों. ब्रिटनमध्यें आज एखाद्यानें जुनी मोटार विकत घेतली आणि विकणारानें तिचा वर्षाचा कर आगाऊ भरलेला असला, तरी खरेदी होतांच ती मोटार करविरहित होते. घेणारानें स्वतःच्या नांवें कर भरल्यावांचून ती रस्त्यावर काढली तर तो गुन्हेगार ठरतो. मग त्याचें घर दोन मैलांवर असो वा दोनशें मैलांवर. १ ऑक्टोबर १९२१ या दिवशीं असें नव्हतें, १ ऑक्टोबर १९७१ सही नव्हतें. १ ऑक्टोबर २०१४ पासून मात्र तसें आहे. हा फरक कां पडला हें समजून घ्यावयाचें तर मोटारीच्या कांचेवर लावीत ती कागदी चकती व तिचा इतिहास पाहिला पाहिजे. मोटार हा विषय आमच्या त्रैमासिकाच्या कक्षेंत कसा येतो, अशी शंका कोणास आल्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, जो कागद त्र्याण्णव वर्षें चालला आणि आतां बंद झाला तो आपल्या क्षेत्रांत आलाच.

ब्रिटनमध्यें गाडीवर कर बसविण्याची चाल मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. १७४७ सालीं तेथील पार्लमेंटानें खाजगी घोडागाड्यांवर कर बसविला. हा कर रस्त्याचा नव्हे, ऐश्वर्याचा होता. ज्याच्या घरीं गाडी आहे त्याच्या जवळ पैसा आहे, असा त्यामागील सरळ हिशेब. १८६९ च्या कायद्यानें या करास वार्षिक परवान्याचें रूप आलें. त्या कायद्याची यादी पाहिली म्हणजे त्याचें स्वरूप उघड होतें : चार चाकांच्या जड गाडीस २ पौंड २ शिलिंग, घरीं पुरुष नोकर ठेवण्यास दर नोकरामागें १५ शिलिंग, आणि गाडीवर किंवा भांड्यावर कुलचिन्ह मिरविण्यास निराळा परवाना. नोकर, गाडी व कुलचिन्ह हीं तिन्ही एका पंक्तीस बसविलेलीं आहेत. पालखी, अबदागीर व मोर्चेल यांचा मान कोणास व कसा मिळे हें ज्यांनीं आपल्या दप्तरांतून पाहिलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं. भेद इतकाच कीं, आपल्याकडे मान सरकारांतून मिळे, तिकडे तो वर्षास पैसे भरून घ्यावा लागे. हा परवाना माणसाच्या नांवाचा असे. गाडी विकली तर परवाना गाडीबरोबर जात नसे, कारण तो गाडीचा नव्हताच. गाडी बाळगणाऱ्याचा होता.

मोटार जेव्हां प्रथम रस्त्यावर आली तेव्हां ती याच व्यवस्थेंत कशीबशी बसविण्यांत आली. १८९६ च्या कायद्यानें तिच्यापुढें माणूस चालविण्याच्या व तत्सम जुन्या जाचांतून तिची सुटका केली, आणि एक टनाहून अधिक वजनाच्या गाडीवर गाडीकराशिवाय आणखी एक जादा कर बसविला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें मोटार ही बिनघोड्याची घोडागाडी. १९०३ चा मोटार-कायदा १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आला आणि त्यानें एक मोठी गोष्ट केली : गाडीस नांव दिलें. प्रत्येक मोटारीची कौंटीच्या किंवा मोठ्या शहराच्या कौन्सिलांत नोंद व्हावी, तिला अक्षर व आंकडा मिळावा आणि तो तिच्यावर रंगविलेला असावा, असें ठरलें. नोंदणीची फी २० शिलिंग होती. लंडन कौंटीचा पहिला क्रमांक ‘ए १’ हा अर्ल रसेल यांनीं मिळविला. हे तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचे वडील बंधु. या क्रमांकासाठीं ते रात्रभर रांगेंत थांबले अशी आख्यायिका आहे. कागदांवरील पहिल्या क्रमांकाचा लोभ आम्हां संग्राहकांनाच असतो असें नाहीं.

या कायद्यांतील एक लहानसें कलम आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. गाडी बनविणारा किंवा विकणारा व्यापारी गिऱ्हाइकास ती चालवून दाखवितो, तेव्हां ती अद्याप कोणाचीच नसते. मग तिची नोंद कोणाच्या नांवें करावी? यावर तोड म्हणून व्यापाऱ्यास वर्षास ३ पौंडांपर्यंत फी घेऊन एक सामान्य क्रमांक द्यावा, व तो त्यानें ज्या गाडीवर हवा त्या गाडीवर तात्पुरता लावावा, अशी सोय करण्यांत आली. पांढऱ्या पाटीवरील तांबड्या अक्षरांचे व्यापारी क्रमांक ब्रिटनमध्यें अद्यापि दिसतात ते याच सोयीचे वंशज. खरेदी व नोंद यांमधील पोकळी कायदेकारांस १९०३ सालींच दिसली होती, आणि व्यापाऱ्यापुरती ती त्यांनीं भरूनही काढली. खाजगी गिऱ्हाइकाकरितां मात्र तशी पाटी कधींच निघाली नाहीं.

यानंतर लॉइड जॉर्ज यांचें १९०९ चें सुप्रसिद्ध अंदाजपत्रक येतें. त्या अंदाजपत्रकावरून उमरावांच्या सभेशीं जो तंटा झाला त्याच्या गोंगाटांत मोटारीचीं कलमें झांकून गेलीं. पण त्यांनींच या कराचें स्वरूप पालटलें. इंजिनाच्या अश्वशक्तीप्रमाणें चढता कर लागला : साडेसहा अश्वशक्तीपर्यंत २ पौंड २ शिलिंग, साठ अश्वशक्तीवर ४२ पौंड. पेट्रोलवर दर गॅलनास ३ पेन्स. आणि या उत्पन्नांतून रस्ते सुधारण्यासाठीं निराळा निधि उभारण्यांत आला. जो कर आजवर श्रीमंतीचा होता तो आतां रस्त्याचा झाला, निदान लोकांची तशी समजूत झाली. ‘रोड टॅक्स’ हा शब्द त्या समजुतीचें अपत्य आहे.

१९२० सालीं दोन कायदे झाले, एक रस्त्यांचा व एक वसुलीचा. त्यांनीं नोंदणी व कर एकत्र आणले. आणि १ जानेवारी १९२१ पासून प्रत्येक मोटारीवर कर भरल्याची गोल कागदी चकती डाव्या बाजूस दिसेल अशी लावावी, असा नियम सुरू झाला. दर अश्वशक्तीस १ पौंड होता. ही अश्वशक्ति खरी नव्हे, हिशेबाची होती. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांत वर्ग करावा, त्यास सिलिंडरांच्या संख्येनें गुणावें आणि अडीचनें भागावें. पिस्टनची धांव कितीही लांब असली तरी ती हिशेबांत धरीत नसत. परिणाम असा झाला कीं, इंग्रज कारखानदार अरुंद व लांब सिलिंडरांचीं इंजिनें करूं लागले. पावणेचार इंच व्यासाच्या चार सिलिंडरांची अमेरिकन फोर्ड मॉडेल टी या हिशेबानें साडेबावीस अश्वशक्तीची ठरून तिला २३ पौंड पडत. तर १९२२ सालीं निघालेल्या चिमुकल्या ऑस्टिन सेव्हनला ८ पौंडांत भागे. कराच्या एका सूत्रानें एका देशाच्या कारखानदारीचें वळण ठरविल्याचें याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

आतां खुद्द चकतीकडे वळूं. कागद वाचतांना त्यांत काय लिहिलें आहे हें जसें पाहावें तसें काय लिहिलेलें नाहीं हेंही पाहावें, हा आपल्या शास्त्राचा पहिला धडा. चकतीवर गाडीचा क्रमांक आहे, गाडी कोणत्या कारखान्याची तें आहे, भरलेली रक्कम आहे, मुदत संपण्याची तारीख आहे आणि देणाऱ्या कचेरीचा शिक्का आहे. कर भरणाराचें नांव नाहीं. हा गाळा चुकून राहिलेला नव्हे. १८६९ च्या परवान्यांत माणसाचें नांव होतें व गाडीचें नव्हतें; १९२१ च्या चकतीवर गाडीचें नांव आहे व माणसाचें नाहीं. पन्नास वर्षांत कर माणसाच्या हातांतून सुटून गाडीच्या कांचेस चिकटला. आमच्या परिभाषेंत सांगावयाचें तर नामजोग होता तो धनीजोग झाला. गाडी ज्याच्या हातीं, भरलेला कर त्याचा.

माणसाचें नांव गेलें कोठें ? तें नोंदपुस्तकांत गेलें. याच सुमारास सुरू झालेलें तें लहानसें पुस्तक इंग्रज लोक ‘लॉग बुक’ म्हणून ओळखतात. त्यांत गाडीचें वर्णन आणि तिच्या पाठोपाठच्या धारकांचीं नांवें व पत्ते कौन्सिलच्या शिक्क्यांनिशीं एकाखालीं एक येतात. एखाद्या वतनी घराण्याची वंशावळ असावी तसें तें दिसतें. पुढें संगणकाच्या काळांत नोंदपुस्तकाच्या जागीं जें एकेरी प्रमाणपत्र आलें त्यांत ही वंशावळ राहिली नाहीं, आणि तें प्रमाणपत्र मालकीचा पुरावा नव्हे असें त्यावरच स्पष्ट छापलेलें असतें. धारक वेगळा व मालक वेगळा. भोगवटा आणि मालकी यांवर आपल्याकडे जे निवाडे झाले ते वाचलेल्यांस हा सावधपणा पटेल.

चकती गाडीबरोबर जात असल्यामुळें खरेदीविक्रीचा व्यवहार फार सोपा होता. विकणारा सांगे, ‘गाडीस अजून पांच महिन्यांचा कर आहे,’ आणि तेवढी रक्कम तो किंमतींत धरी. वर्तमानपत्रांतील लहान जाहिरातींतून गाडीच्या रंगाबरोबर व मजलीबरोबर कराची मुदतही छापलेली असे. २३ पौंड कराच्या जुन्या फोर्ड गाडीच्या बाबतींत ही बाब क्षुल्लक नव्हे. गाडी स्वस्त आणि कर महाग अशी स्थिति असे. घेणारा पैसे मोजी, किल्ली घेई आणि गाडी हांकीत घरीं जाई. कांचेवर चकती आहे तोंवर पोलिसास त्यास कराबद्दल कांहीं विचारण्याचें कारण नसे. धारक बदलल्याची नोंद सवडीनें कौन्सिलांत होई. घासाघीस पटली नाहीं तर विकणारा चकती काढून घेई व उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा मागे. मग अर्थातच गाडी करावांचून विकली जाई आणि तशी ती विकली हें दोघांसही धडधडीत दिसे. चकती आहे किंवा नाहीं, हें कांचेकडे पाहतांच कळे. पुढें घडलेल्या गोष्टी समजण्यास हें दिसणें लक्षांत ठेवणें अवश्य आहे.

परताव्यासाठीं चकती परत करावी लागे, यावरून संग्राहकांनीं एक अनुमान काढावें. ज्या गाड्या मध्यें बंद पडल्या, मोडींत गेल्या किंवा विकतांना करमुक्त केल्या त्यांच्या चकत्या सरकारजमा होऊन नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्या बहुधा मुदत पुरी भरलेल्या, नवी चकती लावतांना जुनी तिच्या मागें तशीच राहून गेलेल्या, अशा आहेत. म्हणून जुन्या चकत्यांच्या एखाद्या संग्रहावरून त्या काळच्या गाड्यांचें सरसकट चित्र काढणें धोक्याचें होय. नष्ट होण्यासाठींच जो कागद छापला जातो त्याचा उरलेला अंश नेहमींच असा वांकडा असतो.

कागद माणसाचा कीं मालाचा, हा वाद आपल्या देशांत एकदां फार महाग पडला आहे. १७१७ सालीं फर्रुखसियर बादशहानें इंग्रज कंपनीस बंगाल्यांत जकातमाफीचा जो फर्मान दिला त्याच्या आधारें कंपनीचीं दस्तकें निघूं लागलीं. माफी कंपनीच्या व्यापारास होती. परंतु कंपनीचे नोकर तीं दस्तकें आपल्या खाजगी व्यापारास लावूं लागले आणि देशी व्यापाऱ्यांसही विकूं लागले. नाक्यावरच्या माणसापुढें प्रश्न असा कीं, माल कोणाचा तें पाहावें कीं कागद कोणाचा तें पाहावें ? शेवटीं मीर कासीमनें १७६३ सालीं सर्वांचीच जकात उठविली आणि कागदाचें मोलच काढून टाकलें. त्यावरून जें युद्ध पेटलें त्याचा शेवट १७६४ सालीं बक्सार येथें झाला. मोटारीची चकती व कंपनीचें दस्तक यांची बरोबरी कोणी करूं नये. पण हस्तांतर होणाऱ्या कागदाची दुखरी शीर दोहोंत एकच आहे.

चकती गाडीची असली तरी ती मिळविण्याची खिडकी ही दुसऱ्या कायद्यांचीही चौकी बनली. १९३० च्या कायद्यानें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा झाला, आणि विम्याचा दाखला दाखविल्यावांचून कर स्वीकारीत नसत. १९६० पासून जुन्या गाड्यांची यांत्रिक तपासणी सक्तीची झाली. प्रथम दहा वर्षांवरील गाड्यांस, पुढें तीन वर्षांवरील. तिचाही दाखला त्याच खिडकीवर लागे. म्हणजे कांचेवरची एक चकती पाहून तीन गोष्टी एकदम कळत. आपल्या गांवच्या नाक्यावर जकातीबरोबर मालाची झडतीही होई, तसेंच हें.

रस्त्यासाठीं म्हणून घेतलेला पैसा रस्त्यावरच खर्च झाला काय ? फार काळ नाहीं. विन्स्टन चर्चिल हे अर्थमंत्री असतांना १९२६ व १९२७ सालीं त्यांनीं या निधींतील पैसा सर्वसाधारण खजिन्यांत ओढला. १९३७ पासून मोटार-कराचें उत्पन्न परभारें खजिन्यांत जाऊं लागलें आणि १९५५ च्या कायद्यानें निधि नांवापुरताही उरला नाहीं. १९४८ पासून अश्वशक्तीचें सूत्रही गेलें व सर्व नव्या मोटारींस सरसकट १० पौंड कर झाला. ‘रोड टॅक्स’ हें नांव मात्र लोकांच्या तोंडीं राहिलें. निधीची कल्पना तेवढी आपल्याकडे आली. १९२७ सालीं नेमलेल्या रस्ते-समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ सालीं पेट्रोलवर गॅलनामागें दोन आणे जादा कर बसवून हिंदुस्थानांत मध्यवर्ती रस्ते-निधि स्थापन झाला. विलायतेंत तो निधि पोखरला जात असतांनाच येथें तो उभा राहत होता. हा योग इतिहासकारांनीं निराळा अभ्यासण्याजोगा आहे.

१९६९ च्या कायद्यानें सर्व कौन्सिलांचीं नोंददप्तरें एकत्र करून वेल्समधील स्वान्सी येथें एक मध्यवर्ती कचेरी करण्याचें ठरलें. १९७४ पासून नव्या गाड्यांची नोंद तेथील संगणकांत होऊं लागली. जुन्या कौन्सिली दप्तरांपैकीं कांहीं अभिलेखागारांनीं जतन केलीं, कांहीं रद्दींत गेलीं. तें दुःख आमच्या वाचकांस नवें नाहीं. दप्तर एके ठिकाणीं आलें म्हणजे दाखल्याचें महत्त्व कमी होतें, हा सर्वत्र अनुभव आहे. जानेवारी १९९८ पासून गाडी रस्त्यावर नसेल तर तसें कळविण्याची सक्ति झाली. मग रस्त्याकडेला नंबर वाचणारे कॅमेरे आले. पोलिसास आतां चकतीकडे पाहण्याची गरज नव्हती; तो क्रमांक पाही आणि यंत्र उत्तर देई. ५ डिसेंबर २०१३ रोजीं अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं चकती बंद करण्याची घोषणा केली. १ ऑक्टोबर २०१४ पासून ती बंद झाली. त्या दिवशीं कर भरण्यासाठीं लोकांची इतकी झुंबड उडाली कीं, स्वान्सीच्या कचेरीचें संगणकी दालन वारंवार ठप्प होत होतें.

येथवरचा फेरफार कागद वांचविण्याचा होता आणि त्यास आमची हरकत नाहीं. पण त्याच दिवशीं दुसरा एक नियम अमलांत आला. गाडी विकली गेली कीं तिचा उरलेला कर रद्द. विकणारास उरलेल्या पूर्ण महिन्यांचा परतावा. घेणारानें नव्यानें भरणा करावा. कागदाबरोबर धनीजोगपणाही गेला. १८६९ च्या घोडागाडीवाल्याप्रमाणें कर पुन्हां माणसाच्या नांवाचा झाला.

यांतील हिशेबाची गंमत पाहण्याजोगी आहे. समजा, विकणाराचा कर डिसेंबरअखेर भरलेला आहे आणि गाडी १२ जून रोजीं विकली. विकणारास परतावा मिळतो तो जुलैपासून डिसेंबरपर्यंतचा, कारण परतावा पूर्ण महिन्यांचाच. घेणाराचा कर मोजला जातो तो १ जूनपासून, कारण महिना मोडतां येत नाहीं. म्हणजे जून महिन्याचा कर सरकारास दोनदां मिळाला, आणि गाडी तर एकच. विक्री ३० जूनला झाली तरी तेंच. विकणारानें कळविण्यास उशीर केला व तें पत्र जुलैंत पोंचलें तर त्याचा आणखी एक महिना बुडाला. एकेका व्यवहारांत ही रक्कम थोडी. पण ज्या देशांत जुन्या मोटारींचे व्यवहार वर्षास लाखांनीं होतात तेथें ती थोडी राहत नाहीं. आमच्या मतें ही गोष्ट न्यायाची नव्हे. कमाविसदारानें एकाच बैलाची जकात त्याच दिवशीं देणाराकडून व घेणाराकडून अशी दोनदां घेतली असती तर त्यावर हुजूर फिर्याद गेली असती.

कायदा घेणारास एका दिवसाचीही सवलत देत नाहीं. चकतीच्या शेवटच्या काळांत संगणकावरून कर भरणारास चकती टपालानें पोंचेपर्यंत ती न लावण्याची कांहीं दिवसांची मुभा होती. पण ती चकती लावण्याची मुभा, कर न भरण्याची नव्हे. कर न भरतां गाडी रस्त्यावर काढण्यास एक अपवाद आहे : आधीं वेळ ठरवून यांत्रिक तपासणीस नेणें. खरेदी केलेली गाडी घरीं नेणें हा अपवाद नाहीं. प्रमाणपत्राचा जो लहान तुकडा विकणारा नव्या धारकास फाडून देतो त्यावर बारा आंकडी क्रमांक असतो. त्या आधारें दूरध्वनीवर, संगणकावर किंवा पोस्टांत कर भरतां येतो. म्हणजे विकणाराच्या दारांत उभें राहून तो भरतां येतो हें खरें. पण भरला पाहिजे हें ठाऊक असेल तर. ठाऊक नसल्यास ८० पौंडांचा दंड आपोआप येतो, गाडीच्या चाकास खोडा पडूं शकतो, आणि प्रकरण न्यायालयांत गेल्यास १००० पौंडांपर्यंत अथवा वार्षिक कराच्या पांचपट, यांपैकी जें अधिक असेल तें, द्यावें लागूं शकतें.

याहूनही विचित्र स्थिति चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांची आहे. अशा ऐतिहासिक गाड्यांस कर माफ होतो. परंतु माफी मिळालेली गाडी विकली गेली तर नव्या धारकानें पुन्हां ‘कर भरण्याचा’ विधि करावा लागतो, रक्कम शून्य. एक पेनीही सरकारास येणें नाहीं, आणि तरीही विधि न करतां गाडी काढणें हा गुन्हाच. दरसाल नारळ किंवा नजर देऊन धन्याचें धनीपण मान्य करण्याच्या चालीसारखें हें झालें. वसुली नाहीं, कबुली आहे. जुन्या मोटारींचे संग्राहक या खाचेंत हटकून सांपडतात. ज्या गाडीस कर नाहीं तिचा कर कां भरावा, असा त्यांचा स्वाभाविक तर्क. आणि तो कायद्यापुढें चालत नाहीं.

परिणाम काय झाला याचे आंकडे तेथील वाहतूक खात्यानेंच रस्त्यावरील पाहणी करून प्रसिद्ध केले आहेत. २०१३ सालीं, म्हणजे चकती असतांना, रस्त्यावरील वाहनांपैकी शेंकडा ०.६ करविरहित होतीं. २०१५ सालीं तें प्रमाण १.४ झालें व २०१७ सालीं १.८, म्हणजे साडेसात लाखांहून अधिक वाहनें. २०१७ च्या पाहणींत रस्त्यावर आढळलेल्या करविरहित वाहनांपैकीं सुमारें एक तृतीयांश वाहनांचा हातबदल त्याआधींच्या वर्षभरांत झालेला होता. चकती गेल्यामुळें लबाडी वाढली, असें यावरून कांहींनीं म्हटलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. कॅमेऱ्यास लबाड माणूस चकतीहून लवकर सांपडतो. जो एक तृतीयांश भाग हातबदल झालेल्या गाड्यांचा आहे तो बहुतांशीं लबाडांचा नसून न कळलेल्यांचा असावा. पूर्वीं गाडीवर चकती नसली तर घेणाराच्या डोळ्यांस रिकामी कांच दिसे. आतां कांच नेहमींच रिकामी असते आणि तिच्यावरून कांहींच समजत नाहीं. कागदानें जें सांगितलें असतें तें सांगणारें दुसरें कांहीं कायद्यानें त्याच्या जागीं ठेवलें नाहीं.

महाराष्ट्रांत व्यवस्था याच्या उलट आहे. येथील कर १९३५ च्या मुंबई प्रांताच्या कायद्यानें व पुढें १९५८ च्या कायद्यानें चालत आला. खाजगी मोटारींस आतां एकदांच भरण्याचा कर आहे, आणि तो गाडीच्या मागें लागलेला आहे. राज्याच्या आंत गाडी विकली तर घेणारास तो पुन्हां भरावा लागत नाहीं. मालकीची नोंद मुदतींत बदलून घ्यावी लागते एवढेंच. १९२१ च्या चकतीचें तत्त्व तिच्या मायदेशांतून गेलें तरी येथें वेगळ्या रूपानें नांदत आहे.

चकत्या जमविण्याचा छंद ब्रिटनमध्यें जुना असून बंदीनंतर तो अधिकच वाढला आहे. आपल्याकडील कोणाच्या संग्रहांत विलायतेहून आलेल्या माणसांच्या सामानांतून अशी एखादी चकती आली असेल तर तिची कड पाहावी. १९३८ पासून चकत्यांस फाडण्यासाठीं छिद्रांची रेघ येऊं लागली. त्याआधींच्या चकत्या कात्रीनें कापलेल्या असतात. सप्टेंबर २०१४ मध्यें मात्र स्वान्सीच्या कचेरींतील छिद्रांचा कागद संपला आणि अखेरच्या कांहीं चकत्या साध्या कागदावर निघाल्या. त्या लोकांनीं घरीं कात्रीनें कापून लावल्या. त्यांवरील मुदतीची तारीख २०१५ पर्यंतची असूं शकते. केवळ कापीव कडेवरून अशा चकतीस १९३८ पूर्वीची ठरवूं नये. क्रमांकाची घडण व रक्कम आधीं पाहावी.